बोट कुठे आहे हे कुणाला कळावं? मालवण बंदरावरची चर्चा

“फुकट मिळतंय ना? मग बसवून घ्या आणि गप्प बसा,” असं भाऊसाहेब म्हणाले आणि वाद पेटला.

विषय बोटींवरच्या ट्रान्सपाँडरचा, म्हणजे बोटीची जागा उपग्रहावरून सरकारला कळवणाऱ्या यंत्राचा. पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस, होड्या शाकारून झालेल्या, त्यामुळे कट्टा भरलेला. महसुलातून निवृत्त झालेले भाऊसाहेब, ज्यांना शासनाचं कुठलंही परिपत्रक घरच्या लग्नाच्या पत्रिकेइतकं प्रिय. वकील, मूळचे घाटावरचे, सासरवाडीला आले आणि इथेच राहिले. मोकळ्या बाजाराचा आग्रह धरणाऱ्या शेतकरी नेते शरद जोशींच्या शिबिरांत घडलेले. बोटींवर जीपीएस, फिशफाइंडर, व्हीएचएफ रेडिओ बसवून देणारा वायरमन. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारा बंटी. आणि लिलावात मासळी घेणारी जयूताई, जिच्यापुढे भाव पाडून बोलायची कुणाची छाती नाही.

“फुकट यंत्र आहे, फुकट करंट नाही,” वायरमन म्हणाला. “बारा व्होल्टची शंभर अँपियर-अवरची बॅटरी धरा. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य गेलं, म्हणजे हाताशी पन्नास. यंत्रानं अर्धा अँपियर जरी ओढला तरी दिवसाला बारा. त्यात दिवे, व्हीएचएफ, फिशफाइंडर. जाळं टाकून इंजिन बंद करून रात्रभर थांबणारी बोट असेल तर दुसऱ्या दिवशी स्टार्टर नुसता कण्हतो. आणि स्टार्टर मारताना व्होल्टेज दहाच्या खाली गेलं की यंत्र रीसेट होतं. तेवढा वेळ बोट सरकारच्या पडद्यावरून गायब. मग नोटीस कुणाला?”

“वेगळी बॅटरी बसवा.”

“तेच सांगतो मी सगळ्यांना. वेगळी बॅटरी, मधे फ्यूज, अँटेना केबिनच्या छपरावर उघड्या आकाशाखाली, लोखंडी डोलकाठीपासून लांब. जोडाला आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप आणि वर ग्रीस. नाहीतर खाऱ्या हवेनं एका हंगामात तांबं हिरवं होतं. यंत्र बिघडत नाही हो, जोड बिघडतो. पण कागदावर लिहिलं जातं की मालकानं यंत्र बंद केलं.”

भाऊसाहेबांनी आपलं हुकमी पान काढलं. “आणि कुबेर? २६/११ ला ते दहा जण कशातून आले? मच्छीमार बोटीतून. देशाच्या सुरक्षेपुढे तुमची बॅटरी?”

हा मुद्दा हलका नाही आणि कट्ट्यावर कुणी तो हलका धरलाही नाही. फक्त जयूताईने कप खाली ठेवला. “भाऊसायबानू, त्या बोटीरच्या तांडेलाक मारल्यानी. माणूस मारतत ते वायर तोडूक कितकोसो वेळ घेतले?”

“वायर तोडली तर बोट अचानक गप्प होते आणि तोच इशारा,” वायरमननं प्रामाणिकपणे भाऊसाहेबांची बाजू सावरली. “पण पलीकडे त्या वेळी कुणीतरी पडद्यासमोर बसलेला पाहिजे. शंभर बोटींचे जोड गंजून रोज शंभर बोटी गप्प होत असतील, तर एकशे एकावी कोण शोधणार?”

वकील इतका वेळ शेंगदाणे सोलत होते. “यंत्राला माझा विरोध नाही. वादळाचा निरोप दोन्ही बाजूंनी जातो, संकटात बटण दाबता येतं, सागरी सीमा जवळ आली की कळतं. मोबाइलची रेंज जिथे संपते तिथे उपग्रह लागतोच. माझा प्रश्न दुसराच आहे. बोटीचा मार्ग कोण बघणार, किती दिवस साठवणार आणि कोर्टात पुरावा म्हणून कधी वापरणार? २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो आखडायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि हेतूच्या मानानं बेताचंच साधन हवं. मग २०२३ साली विदा, म्हणजे डेटा, संरक्षणाचा कायदा आला, आणि त्याच्याच कलम १७ मधे केंद्र अधिसूचना काढून सरकारच्या कुठल्याही यंत्रणेला त्यातून सूट देऊ शकतं. दुकानदारानं तुमचा फोन नंबर विकला तर दंड. सरकारी खात्यासाठी मात्र कायद्यातच मागचा दरवाजा.”

“सरकार काय मासे चोरणार आहे?”

“सरकाराचा सोडा,” जयूताई म्हणाली. “माझो घोव जाळा खय टाकता ता माका सुदीक सांगणा नाय. सुरमयची जागा म्हंजे तेचो बँकेतलो पैसो. ता हापिसात कोणाक तरी दिसतला आणि तो कोणाचोतरी पावणो असतलो.”

इथे वायरमननं एक बारकावा सांगितला, जो एरवी अशा चर्चेत निसटतो. मोठ्या, वीस मीटरच्या वरच्या बोटींना जे एआयएस, म्हणजे आपोआप ओळख सांगणारं रेडिओ यंत्र, लागतं ते उघड असतं. १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर बोट स्वतःचं नाव, जागा, वेग ओरडून सांगते. लहान संच दोन नॉटच्या वर वेग असेल तर दर तीस सेकंदांनी, त्याखाली तीन मिनिटांनी. रिसीव्हर असलेला कुणीही ऐकू शकतो, शेजारची बोटसुद्धा. ट्रान्सपाँडरची माहिती मात्र उपग्रहावरून फक्त सरकारकडे जाते. म्हणजे एकात जागेचं गुपित सगळ्यांना फुटतं, दुसऱ्यात एकालाच, आणि त्या एकाच्या हातात परवाना, डिझेलचा परतावा आणि दंड असं सगळंच असतं.

“दोन्हीपेक्षा तिसरं करता येईल,” बंटी सरसावला. “मार्ग बोटीवरच एन्क्रिप्ट करायचा, किल्ली तांडेलाकडे. सरकारकडे नुसती कुलूपबंद फाइल. एसओएस दाबला किंवा कोर्टाचा आदेश आला तरच उघडायची. बारा मैलांच्या आत शिरलास का, एवढंच हो की नाही यंत्र कळवेल. जागा नाही कळवायची.”

बंटी सहसा इतकं शहाणं बोलत नाही, त्यामुळे क्षणभर सगळे त्याच्याकडे बघत राहिले. मग तो पुढे म्हणाला, “आणि ते ब्लॉकचेनवर टाकायचं,” आणि कट्टा पूर्ववत झाला.

भाऊसाहेबांनी सात वेळा तरी “नियम म्हणजे नियम” म्हटलं असेल. त्यांच्या मते सरकार तपासतं तेव्हा प्रामाणिक माणसाला भीती नसते. वकिलांनी लगेच विचारलं, “मग माझ्या सासऱ्यांची वारस नोंद तुमच्या टेबलावर का झोपली होती? प्रामाणिक माणूस होता तो.” हे जुनं दुखणं दर पावसाळ्यात निघतं. भाऊसाहेब म्हणाले कागद अपुरे होते, वकील म्हणाले कागद पुरे होते आणि वजन अपुरं होतं, आणि दोघांना खाली बसवायला दुसरा चहा सांगावा लागला.

“भाऊसाहेबांचा राग वेगळाच आहे,” वायरमननं काडी टाकली. “१९८१ च्या कायद्यात बेकायदा मासेमारीची केस तहसीलदाराकडे चालायची. २०२१ च्या दुरुस्तीनं ती मत्स्य खात्याकडे गेली. तेव्हापासून त्यांना समुद्र खारट लागतो.”

हसू ओसरल्यावर जयूताईने खरी नस दाबली. “दंड वाढयल्यानी, ड्रोन आणल्यानी. बरा केल्यानी. पण एलईडीवालो रातीचो येता. जनरेटर लावन पाण्यात उजेड करता, मासो गोळा झालो की पर्ससीन फिरयता, तळाची दोरी आवळता, पिल्लासकट खल्लास. हायस्पीड ट्रॉलरवालो कर्नाटकातल्या मलपीसून येता आणि आमची जाळी फाडून जाता. तुमचो ड्रोन रातीचो उडता काय? आमच्या न्हाय त्या होडयेर यंत्र, आणि तेंका दर्यो मोकळो?”

“त्यांच्यावरही यंत्र आहे.”

“मगे तेंचो रस्तो आमका दाखवा! आमचो तुमका दिसता, तेंचो आमका दिसूक नको?”

माझ्या मते त्या संध्याकाळी यापेक्षा नेमकं कुणी बोललं नाही. बारा सागरी मैलांच्या आत, म्हणजे साधारण बावीस किलोमीटरांत, नियम राज्याचा. तिथे कुठली पर्ससीन बोट कोणत्या रात्री शिरली हे खात्याला कळत असेल, तर ती यादी बंदराच्या फलकावर लावायला कुठला खर्च येतो? गिलनेटवाल्याच्या सुरमईची जागा गुप्त ठेवा आणि बंदी मोडणाऱ्याची नोंद उघडी करा. सध्या नेमकं उलट चाललंय.

वकिलांना यातून त्यांच्या आवडीच्या वाटेवर जायला निमित्त मिळालं. “सरकारनं काही न करता केवढं होतं ते सांगतो. केरळात १४ जानेवारी १९९७ ला बडागऱ्याच्या किनाऱ्यावर अकरा बोटींनी तारली फेकून दिली, घ्यायला कुणी नाही म्हणून. त्याच सकाळी पंधरा किलोमीटरच्या आतल्या बंदरांत सत्तावीस गिऱ्हाईकं मासे न मिळता परत चालली होती. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थतज्ज्ञानं हे मोजून ठेवलंय. मग किनाऱ्यावर मोबाइलचे टॉवर आले. वीस-पंचवीस किलोमीटर समुद्रात रेंज मिळायला लागली, तांडेल आतूनच भाव विचारू लागले. मासळी फेकणं जवळपास थांबलं, बंदराबंदरांतल्या भावाची तफावत मिटली. मच्छीमाराचा नफा सुमारे आठ टक्के वाढला आणि खाणाऱ्याला तारली चार टक्के स्वस्त पडली. दोघांचाही फायदा. ना योजना, ना अनुदान, ना उद्घाटन.”

“टॉवरचा परवाना कुणी दिला?” भाऊसाहेब.

“१८८५ च्या कायद्यानं तारा आणि टेलिफोन स्वतःच्या मुठीत कुणी ठेवले होते? लोक फोनसाठी वर्षानुवर्षं रांगेत होते. मूठ उघडली त्याचं श्रेय घ्या, पण एवढी वर्षं मिटलेली होती त्याचाही हिशेब द्या.”

टाळी पडली असती. पण जयूताई मान हलवत होती.

“वकिलानू, तुमचो केरळचो गडी भाव विचारून दुसऱ्या बंदराक गेलो. बरा केल्यान. आमच्या हय सीझनच्या आदी व्यापाऱ्याकडसून उचल घेतलेली असता. डिझेल तेचा, बरफ तेचो, जाळ्याचे पैशे तेचे. मगे भाव देवगडाक चढो नायतर वेंगुर्ल्याक, मासळी तेच्याच काट्यार जाता. मोबायल सगळ्यांकडे असा. विचारून करतलो काय? हय सरकार खय असा, सांगा. तरी मोकळीक नाय.”

वकील थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “उचल वाईट नाही, एकाच दारात उचल मिळणं वाईट. होडीवर बँक कर्ज द्यायला तयार नाही, सोसायटी पुढाऱ्याच्या हातात, म्हणून तो एक दरवाजा उरतो. दहा जण उचल द्यायला आले तर काटा तुम्ही निवडाल.”

“दहा येवपर्यंत माझो झील म्हातारो होतलो.”

यावर वकिलांकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. सत्ता मंत्रालयातच बसते असं मानणाऱ्यांनी मासळीच्या काट्याजवळ एक सकाळ उभं राहून बघावं.

बंटीनं मधेच समुद्राचे हिस्से करून विकावेत असं सुचवलं. आइसलँडनं १९८४ पासून कॉड माशाचा कोटा बोटींना वाटून दिला, पुढे तो खरेदी-विक्रीचा झाला. मासे टिकवायला त्याची मदत झाली हे खरं. पण कोटा हळूहळू थोड्या कंपन्यांकडे गेला आणि २००७ मधे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनंही ती वाटणी अन्याय्य ठरवली, हे वकिलांनीच त्याला ऐकवलं.

“त्यापेक्षा रापण बघ,” ते म्हणाले. “जाळं एका होडीनं अर्धगोलात टाकायचं, दोन्ही दोऱ्या किनाऱ्यावरून ओढायच्या, वाटे आधीच ठरलेले. पाळी कुणाची, वाद झाला तर बोलायचं कुणी, सगळं गावात ठरलेलं. कुठल्या खात्यानं शिकवलं? एलिनॉर ऑस्ट्रमला २००९ चं नोबेल अशाच व्यवस्थांच्या अभ्यासाबद्दल मिळालं. सगळ्यांच्या मालकीची गोष्ट सरकार नाही तर शेठ, अशी दोघांतच वाटायला पाहिजे असं नाही. वापरणारेच नियम करतात, वापरणारेच नजर ठेवतात.”

“आणि पर्ससीन आल्यावर रापणीचं काय झालं?” भाऊसाहेबांनी अचूक विचारलं. “गावाचा नियम मलपीवाल्यानं ऐकला? शेवटी ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश काढावा लागला. पर्ससीन सप्टेंबर ते डिसेंबरच, परवाने १८२ पर्यंत खाली आणायचे. सरकारच लागलं ना?”

“लागलं. पण ट्रॉलर आणले कुणी? १९५२ च्या इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पापासून यांत्रिक बोटींना पैसा, कर्ज, स्वस्त डिझेल कुणी दिलं? गोव्यात मच्छीमारांचे नेते माथानी सालढाणा यांना रापणकारांना घेऊन रस्त्यावर का यावं लागलं? आधी एकाला हत्यार घेऊन द्यायचं आणि मग दुसऱ्याला म्हणायचं, आम्ही रक्षणाला आलो, तुमचा पत्ता लिहून द्या.”

भाऊसाहेब म्हणाले, या घाटी लोकांना समुद्रातलं काय कळतं. त्यावर मात्र सगळा कट्टा, अगदी जयूताईसुद्धा, वकिलांच्या बाजूनं उभा राहिला, कारण बांगड्याचं तिखलं ते मालवणकरांपेक्षा चांगलं करतात हे सर्वमान्य आहे.

पैशांचा विषय निघणारच होता. जुलै २०२५ मधे कर्नाटकात यूपीआयच्या नोंदी बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, हावेरीच्या भाजीवाल्यालाही गेली, आणि बेंगळुरूत दुकानादुकानांवर ‘फक्त रोख’चे कागद लागले. ताजी मासळी करमुक्त असली तरी लिलावात आता काही जण क्यूआर कोड झाकून ठेवतात. बंटीनं अर्थात बिटकॉइन काढलं.

“एका ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला, सरासरी दहा मिनिटं,” वायरमन म्हणाला. “खात्रीसाठी सहा ब्लॉक थांबायचं तर तास. तोवर बांगड्याचे डोळे लाल.”

“लाइटनिंगवर, बिटकॉइनच्याच जलद जाळ्यावर, सेकंदात होतं!”

“आणि बोटीवर त्या पाकिटाच्या किल्लीचा चोवीस शब्दांचा कागद भिजला की पैसे संपले. फायदा झाला तर तीस टक्के कर, तोटा झाला तर वजावट नाही, विकताना एक टक्का कापणार. तुझं स्वातंत्र्य भाऊसाहेबांनी आधीच मोजून ठेवलंय.”

जयूताईने विषय संपवला. “निसर्ग वादळात, त्या २०२० सालात, थय रायगडात दिवसचे दिवस लाइट नाय, टॉवर नाय. तेव्हा कोणाचो क्यूआर चललो? नोट चलली. नोटेर कोणाचा नाव लिवलेला नसता.”

“गव्हर्नरचं असतं,” भाऊसाहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच सगळे त्यांच्या बाजूनं हसले.

मग चहावाल्यानं सोळा चहांचा हिशेब सांगितला आणि सगळ्यांचे खिसे एकदम जड झाले. वकील म्हणाले ज्यानं त्यानं स्वतःचे द्यावेत. भाऊसाहेब म्हणाले सर्वांनी समान वर्गणी काढावी. बंटी म्हणाला नेटवर्क नाही. जयूताईने रापणीचा कायदा लावला: जो जास्त बोललो तेचो वाटो मोठो. त्यावर वकील की भाऊसाहेब, जास्त कोण बोललं याचा नवा वाद सुरू झाला आणि त्यात आणखी दोन चहा गेले. शेवटी भाऊसाहेबांनी सगळे पैसे दिले आणि चहावाल्याकडे पावती मागितली.