बुश्टनचा पाद्री आणि आपलं भांडण

मराठीलाही गोव्याची राजभाषा करा, या मागणीवरून घरच्या ग्रुपवर रोज खडाजंगी चालते आणि दोन्ही बाजू फादर थॉमस स्टीफन्सला साक्षीला उभं करतात. मराठीवाले त्याचं १६१६ चं मराठी ओवीबद्ध काव्य ‘क्रिस्तपुराण’ पुढे करतात, तर कोकणीवाले त्याने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण. मी इंग्लंडात स्विंडनला राहते. त्याचं जन्मगाव बुश्टन इथून जवळच आहे, म्हणून ही ओढाताण मला जास्तच लागते.

१५७९ साली, तिशीत तो गोव्यात उतरला. आला धर्मांतरासाठी, तेही देवळं पाडली गेलेल्या गोव्यातल्या साष्टीत. हे झाकून त्याला डोक्यावर घेऊ नये. पण भाषेला त्याचा कान विलक्षण होता. इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असं त्याने १५८३ मध्येच भावाला पत्रातून कळवलं. संस्कृतचं ग्रीक-लॅटिनशी नातं सांगणाऱ्या विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षं आधी! त्याचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली गोव्यातच राचोलला छापलं गेलं. भारतीय भाषेचं ते पहिलं छापील व्याकरण.

आणि पुराणाच्या प्रस्तावनेत तो काय सांगतो? शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून ‘ब्राम्हणांचे भासेचीं’ सोपी उतरं, म्हणजे कोकणी शब्द, ठायी ठायी मिसळले आहेत. मग या ओव्यांची वाटणी कुठल्या रेघेवर करायची? कोकणीला राजभाषेचा मान आहे तो राहू दे, मराठीलाही मिळू दे. दोघींपैकी कुणाचंच त्यात काही कमी होत नाही. भाषेचा घास घेते ती सत्ता: १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोला, असं फर्मान काढलं होतं.

स्विंडनमध्ये गोंयकार खूप आहेत. माझी शेजारीण मडगावची. लेकीला ताप होता तेव्हा ‘चेडवाक पेज दी’ (पोरीला पेज दे) म्हणत पातेलं घेऊन तीच दारात उभी राहिली होती. ती कोकणीत बोलते, मी मराठीत. अडत कधीच नाही. ती कोकणी रोमी लिपीत वाचते, आणि क्रिस्तपुराणही मुळात रोमी लिपीतच छापलेलं. परवा तिच्यासमोर फोनवर त्यातलं मराठीच्या स्तुतीचं पान धरलं. ती अडखळत, मग सुरात वाचू लागली:

‘जैसी पुस्पांमाजि पुस्प मोगरी
कि परिमळांमाजि कस्तुरी...’

‘परिमळ’पाशी ती थांबली. म्हणाली, ‘‘हें आमचें परमळ न्हय गो?’’