ताई, पिस्तूल कोणतं चांगलं?

माझा धाकटा चुलतभाऊ यवतमाळ जिल्ह्यात कृषी केंद्र चालवतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. पाऊसपाणी, पोरांच्या परीक्षा, सगळं बोलून झाल्यावर म्हणाला, "ताई, तुमच्या टेक्सासात घरोघरी राहते म्हणतात. पिस्तूल कोणतं चांगलं?" शस्त्र परवान्याचा अर्ज त्यानं भरून ठेवलाय.

त्याची कारणं खोटी नाहीत. हंगामात रात्री नऊच्या सुमाराला गल्ल्यातली रोकड घेऊन तो मोटारसायकलवर एकटा घरी जातो. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भाऊबंदकीत वाद पेटलाय. त्यात डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि बीडच्या पिस्तुलांची चर्चा सुरू झाली. त्या एका जिल्ह्यात हजारावर परवाने असल्याचं बाहेर आलं, पुढे शंभराहून जास्त रद्दही झाले. हवेत गोळीबार करणाऱ्यांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र त्यातून भलतंच निघालं : गुंडांकडे आहे, तर सरळ माणसानं काय घोडं मारलंय? त्यालाही द्या.

डॅलसजवळच्या गावात राहून मला चौदा वर्षं झाली. इथे या मागणीचं उत्तर केव्हाच देऊन झालंय. 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिला गेला. तो फौजेपुरता की एकेका माणसाचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी माणसाच्या बाजूनं मिटवला. 1 सप्टेंबर 2021 पासून टेक्सासात एकवीस वर्षांवरच्या सर्वसामान्य माणसाला पिस्तूल कमरेला लावून फिरायला परवानाच लागत नाही. आमच्या गावात खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात मासे पकडायचे गळ मांडलेत आणि पलीकडच्या रांगेत बंदुका. दुकानदार खरेदीदाराची गुन्ह्यांची वगैरे पूर्वनोंद तपासतो. पण माणसानं माणसाला परस्पर विकली तर इथे तेही बंधन नाही. साऱ्या देशात नागरिकांकडे 39 कोटींहून जास्त बंदुका असाव्यात, असा 2017 चा अंदाज आहे. म्हणजे माणसांपेक्षा जास्त.

या लोकांना वेडं ठरवणं मला जमत नाही. आमच्या शेजारच्या आजोबांकडे सात बंदुका आहेत. फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळात टेक्सासची वीज गेली, तेव्हा त्यांनी आपल्या जनरेटरची वायर आमच्या खिडकीतून आत सोडली आणि माझी तान्ही भाची त्या रात्री उबेत झोपली. एकदा ते मला म्हणाले, तुमचे गांधी तर आमच्या बाजूचे होते. मला राग आला, म्हणून मी शोधलं. गांधीजींचं तसं वाक्य खरंच निघालं. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात फौजेसाठी भरती करताना काढलेल्या पत्रकात गांधीजी म्हणतात की, इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांमध्ये सबंध देशाला निःशस्त्र करणारा कायदा इतिहास सर्वांत काळा मानेल. तो 1878 चा कायदा होताही तसाच. हिंदी माणसाला परवाना आणि गोऱ्याला सूट. परकं सरकार आपल्याला हत्यार का ठेवू देत नाही, हा प्रश्न तेव्हा अपमानाचा होता. माझ्या भावाचा प्रश्न त्याच्या घरातल्या कपाटाचा आहे, आणि कपाटाविषयी मला इथे जे कळलं ते मी त्याला सांगत होते.

आधी शाळांतल्या गोळीबाराचं, कारण त्यानं तेच आधी विचारलं. मे 2022 मध्ये युवाल्डी गावच्या शाळेत एका अठरा वर्षांच्या पोरानं 19 मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या. त्या दोन रायफली त्यानं वाढदिवसानंतर काही दिवसांतच रीतसर दुकानातून घेतल्या होत्या. गाव आमच्याच राज्यातलं, मुलं माझ्या मुलीच्या वयाची. सरळ माणसाच्या हाती हत्यार असलं की वाईट माणूस थांबतो, असं म्हणतात. त्या दिवशी तिथे एकूण 376 पोलीस आणि अधिकारी जमले होते, सगळे हत्यारबंद, आणि आत शिरायला 77 मिनिटं गेली. हत्यार हातात आलं म्हणून छातीत हिंमत येत नाही. हे मी भावाला म्हटलं तेव्हा तो गप्प ऐकत होता.

पण मला खरं सांगायचं होतं ते वेगळंच. अमेरिकेत 2023 मध्ये बंदुकीनं 46 हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातल्या 27 हजारांहून जास्त आत्महत्या आहेत. निम्म्याहून खूप जास्त. दरवर्षी हेच प्रमाण, थोडं इकडे, थोडं तिकडे. चोरासाठी आणून उशाशी ठेवलेली वस्तू घरातल्याच माणसाच्या वाईट रात्री हाताशी सापडते. शाळेवर हल्ला झाला की आठवडाभर टीव्ही चालतो. या 27 हजारांच्या दारात कुणी कॅमेरा घेऊन जात नाही. आपल्याकडच्या वादात तर हा आकडा कधी आलाच नाही.

शेजारच्या आजी गेल्या तेव्हा मी संध्याकाळी वरणभाताचा डबा घेऊन जायचे. एकदा त्यांच्या आतल्या खोलीतलं माणूसभर उंचीचं लोखंडी कपाट सताड उघडं दिसलं. आत हिरव्या फेल्टचे खाचे, सगळे रिकामे. माझी नजर गेलेली पाहून आजोबा म्हणाले, मुलाकडे पाठवल्यात, सध्या त्या तिकडेच बऱ्या. चार महिन्यांनी परत आणल्या. सात बंदुका बाळगणाऱ्या, हक्कासाठी दर निवडणुकीत हिरिरीनं बोलणाऱ्या त्या माणसाला हे कुठल्या कायद्यानं करायला लावलं नव्हतं. दुःखात आपल्या आणि बंदुकीच्या मध्ये अंतर हवं, हे त्यांना ठाऊक होतं. त्या दिवसापासून मुलीला कुणाकडे खेळायला पाठवण्याआधी मी न लाजता विचारते : घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का? आपल्या मराठी घरांतही विचारते. तिथे उत्तर यायला थोडा जास्तच वेळ लागतो.

न्यू हॅम्पशायर राज्यात 2009 मध्ये आठवड्याभरात तीन वेगवेगळ्या माणसांनी एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि तिघांनीही काही तासांत जीव दिला. दुकानदार हादरला. पुढे तिथले बंदूकविक्रेते आणि आत्महत्या रोखण्याचं काम करणारे लोक एकत्र बसले. गिऱ्हाईक कसं ओळखावं, कधी नाही म्हणावं, हे त्यांनी लिहून दुकानादुकानांत लावलं.

हे ऐकून भाऊ म्हणाला, "मी तर हेच करतो." खरं आहे. संध्याकाळी कुणी एकटा आला, प्यालेला असला, फवारणीचा हंगाम नसताना उधारीवर औषध मागायला लागला, तर तो माल संपला म्हणतो आणि त्याच्या घरी फोन लावतो. आपल्याकडे विषालाच औषध म्हणतात. श्रीलंकेनं 1995 पासून जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली, आणि वीसेक वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरलं. लोकांची दुःखं काही 70 टक्क्यांनी उतरली नव्हती. वाईट क्षणी हाताशी काय आहे, एवढंच बदललं होतं.

भावाला हे माझ्याहून जास्त कळतं, कारण 2006 मध्ये त्याच्याच वडिलांनी औषध घेतलं होतं. कापूस गेला होता, बँकेची नोटीस आली होती. काकूला वास आला, शेजारच्याची जीप मिळाली, दवाखान्यात नऊ दिवस काढून काका परत आले. आज एकाहत्तरीत ते वावरात जातात, नातीला पाढे म्हणायला लावतात. बंदुकीनं प्रयत्न करणाऱ्या दहांतले नऊ जण वाचत नाहीत. त्या रात्री कपाटात परवान्याचं पिस्तूल असतं तर? मी एवढंच विचारलं. पलीकडून बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता.

मग म्हणाला, "पण रोकडीचं काय, ताई?" ते आम्ही नीट बसून ठरवलं. दुपारी चारच्या आत बँकेत भरणा. जमेल तितकं क्यूआर कोडवर. रात्री निघताना दुकानातला पोरगा सोबत. धुऱ्यासाठी भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज. तिची फी मी भरते म्हटलं.

परवान्याचा अर्ज त्यानं अजून फाडलेला नाही. "बाबांना यातलं काही सांगू नको," म्हणाला आणि फोन ठेवला.