रुळांसाठी घुसले

काल टपरीवर पुन्हा इराण निघालं, १९४१ साली ब्रिटन आणि रशिया तिथं घुसले ते. वकिलानं लगेच बाकावर मांडी ठोकली.

"एक्केचाळीसचं प्रकरण वेगळं होतं. तिथल्या राजानं, रझा शहानं, जर्मन पोसले होते. जुलैत नोटीस, ऑगस्टमध्ये दुसरी नोटीस. समाधानकारक उत्तर नाही. मग काय, जप्ती!" जप्ती म्हणताना त्यानं असा हात आपटला की पक्याचा चहा सांडला. वकिलाला हिमालयसुद्धा दोन सर्व्हे नंबरांच्या हद्दीवरचा बांध वाटतो.

नानांची अख्खी नोकरी इंजिनात गेली. ते शांतपणे म्हणाले, "जर्मन हाकलायचे होते ना? मग २५ ऑगस्टला पहाटे चारला पंतप्रधान अली मन्सूरच्या हातात कागद ठेवायचा आणि त्याच वेळी तोफा सुरू करायच्या, ही कुठली नोटीस? अबादान बंदरात 'पलंग' नावाची इराणची लढाऊ बोट धक्क्याला बांधलेली होती, तिथंच बुडवली. आणि ब्रिटिशांच्या बाजूनं पुढं कोण? आपल्याच आठव्या आणि दहाव्या इंडियन डिव्हिजनचे जवान."

"तेलासाठी रे सगळं," पक्या.

"ब्रिटिशांना तेल हवंच होतं. पण रशियाकडं बाकूचं तेल होतं, त्याला कशाला आणखी? त्याला रसद यायला वाट हवी होती. २२ जूनला हिटलर त्याच्यावर चालून गेला, दोन महिन्यांत हे दोघं इराणात. मुर्मान्स्क बंदराची वाट नॉर्वेतल्या जर्मनांच्या तोंडासमोरून, व्लादिवोस्तोकची जपानच्या. उरली इराणच्या रेल्वेची १३९४ किलोमीटरची एक सिंगल लाइन. १९३८ साली पुरी झालेली, परदेशी कर्ज न काढता." नानांनी कटिंगचा ग्लास वर धरला. "चहा-साखरेवर कर लावून बांधली. इराणी माणसानं एकेक घोटाला पैसे मोजलेत त्या रुळांसाठी."

"मग वापरली तर बिघडलं काय? स्टालिनग्राड वाचलं!"

"वाचायलाच हवं होतं. पण म्हणून तटस्थ देशाच्या घरात घुसायचं? आणि लाइन तरी सोपी होती का? एल्बुर्झच्या डोंगरात ३६ ला १ चढ. आपला कसारा घाट ३७ ला १, तिथंही मागून ढकलायला बँकर इंजिन लावतात. दोनशेच्या वर बोगदे. भरलेली मालगाडी ओढत वाफेचं इंजिन बोगद्यात रखडलं की धूर कोंडतो, फायरमन गुदमरतो. दक्षिणेला पाण्याची बोंब. जे मिळतं ते जड, बॉयलरच्या नळ्यांवर थर धरतो, मग कितीही जाळ करा, पुरेशी वाफ होत नाही. म्हणून दक्षिणेच्या लाइनवर नंतर मदतीला आलेल्या अमेरिकनांनी अल्को कंपनीची हजार हॉर्सपॉवरची डिझेल इंजिनं आणली. सहा अ‍ॅक्सल, त्यामुळं वजन वाटलं जातं. रेल्वे आणि ट्रक मिळून चाळीस लाख टनांवर माल गेला रशियाला."

"बघा!" वकील.

"बघतोय. डबे आणि ट्रक तिकडं जुंपले, मग गहू कशातनं यायचा? वर साठेबाज होतेच. डिसेंबर १९४२ मध्ये तेहरानला भाकरीसाठी दंगल झाली. शहा तर आधीच गादी सोडून गेला होता. त्याला मुंबई बंदरापर्यंत आणलं, पण उतरू दिलं नाही. तिथूनच मॉरिशसला रवाना."

वकील क्षणभर गप्प. मग बोट वर करून, "इराणशी तह केला होता! जानेवारी १९४२! लढाई संपल्यावर सहा महिन्यांत परत जाणार, असं लेखी!"

पक्या टपूनच बसला होता. "तूही नानांची शिडी 'रंगकाम संपलं की आणतो' म्हणून नेलीस. गणपतीच्या आधी. मागच्या."

"तो विषय वेगळा आहे—"

"वेगळा कसा?" नाना. "मुदत २ मार्च १९४६. ब्रिटिश गेले, रशिया हलेना. इराणनं जानेवारीतच सुरक्षा परिषदेत तक्रार टाकली होती, परिषदेचा दुसराच ठराव तो. शेवटी मे महिन्यात गेले."

"म्हणजे दोनच महिने उशीर. शिडीपेक्षा स्टालिन बरा!"

टपरीवाल्यापासून सगळे हसले. वकील लाल होऊन म्हणाला, "उद्या आणतो. हवं तर लिहून देतो."

"आण," नाना म्हणाले, "पण लेखी नको देऊस."