पाचव्या पोराचा कोच

मागच्या रविवारी ताईचा फोन आला. तिकडे रात्रीचे साडेनऊ, इकडे सकाळचे अकरा, मी नुकता चहा टाकला होता. हॅलो नाही काही नाही, डायरेक्ट "अरे तू जरा समजाव त्याला, तुझं ऐकतो तो, तू अमेरिकेत आहेस." अमेरिकेत असल्यावर माणसाचं ऐकतात ही समजूत आपल्याकडे अजून शिल्लक आहे, माझ्या घरात तर माझं कुणी ऐकत नाही, पण ते असो.

"तो" म्हणजे माझा भाचा. बीपीएड म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी झालीय, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पोलीस भरतीच्या अकॅडमीत पोरांना पळवतो. पहाटे साडेचारला ग्राउंडवर, संध्याकाळी परत. पैसे बरे मिळतात. आणि आता त्याच्या डोक्यात आलंय की हे सोडायचं, पतियाळाला एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा डिप्लोमा करायचा आणि लांब पल्ल्याच्या पळण्याचा कोच व्हायचं. एखाद्या कॉलेजात, कायमचा. ताई म्हणते, "कोच ही काय नोकरी आहे का? स्थळं बघतोय आम्ही, मुलीकडच्यांना काय सांगायचं, मुलगा काय करतो, तर पोरांच्या मागे शिट्टी वाजवत फिरतो?"

मी म्हटलं बोलतो. आणि चहा गार होईपर्यंत तसाच बसलो, कारण नेमकं ह्याच विषयावर मला काय बोलावं ते कळेना.

झालंय असं की मी राहतो नेपरव्हिलला. शिकागोच्या पश्चिमेचं गाव, आपली माणसं खच्चून भरलीत, किराणा दुकानात कांदेपोह्याचे पोहे जाड की पातळ यावर वाद ऐकू येतात. गावाच्या मध्यातून ड्यूपेज नदी जाते, तिच्या काठाने रिव्हरवॉक आहे, आणि जवळच नॉर्थ सेंट्रल कॉलेज. पहिल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी मी वॉकला गेलो आणि समोरून चाळीस-पन्नास पोरं उघड्या अंगाने पळत आली, गप्पा मारत, हसत. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल तर इथे पण पोलीस भरती निघालीय की काय!

नंतर ऑफिसातल्या एकाने सांगितलं, ती क्रॉस कंट्रीची टीम, म्हणजे ट्रॅकवर नाही तर माळरानावरून लांब पल्ल्याचं पळणारी, आणि तिचा कोच म्हणजे अल कॅरियस. माणूस १९६६ साली ह्या कॉलेजात आला, तेव्हा वय पंचविशीच्या आसपास, आणि पन्नास वर्षांहून जास्त काळ तेच काम करत राहिला. तेच कॉलेज, तेच गाव. १९७५ ला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद, आणि २०१८ पर्यंत नुसत्या क्रॉस कंट्रीत १९. इथे कॉलेजच्या खेळांच्या तीन पातळ्या आहेत, त्यातल्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये एवढी जिंकलेलं दुसरं कॉलेज नाही. आणि हे कॉलेज म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या भल्यामोठ्या युनिव्हर्सिट्यांपैकी नाही हां, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप द्यायचीच नाही असा नियमच आहे. म्हणजे येणारा पोरगा फी भरून, अभ्यास करून, वर आठवड्याला शंभरेक किलोमीटर पळतो. कॅरियसचं म्हणणं साधं होतं, मजेसाठी पळा आणि स्वतःचा टायमिंग मोडा. पोस्टरवर लिहायला सोपं आहे, मान्य, पण पन्नास वर्षं तेच म्हणून १९ वेळा जिंकायचं म्हणजे नुसतं पोस्टर नाही ते.

आता क्रॉस कंट्रीचा हिशोब सांगतो, कारण सगळी गोम तिथे आहे. टीममध्ये सात पळतात, त्यातल्या पहिल्या पाचांचे नंबर मोजतात. पहिला आला त्याला १, दहावा आला त्याला १०, पाच जणांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज कमी तो जिंकला. पाचही जण पहिले पाच आले तर १५, त्याच्या खाली जाताच येत नाही. सहावा आणि सातवा मोजत नाहीत पण ते समोरच्या टीमच्या पाचव्याच्या पुढे आले तर त्याचा नंबर मागे ढकलतात. आता विचार करा, तुमच्याकडे एक पोरगा सगळ्या देशात पहिला येणारा आहे, आणि पाचवा दोनशेवा येतोय. काही उपयोग नाही! म्हणजे इथे कोचची सगळी अक्कल लागते ती पाचव्या पोरावर. त्याच्या गुडघ्यावर, त्याच्या झोपेवर, त्याची गर्लफ्रेंड सोडून गेली असेल तर त्याच्यावरसुद्धा. आणि हे काम तीन महिन्यांचं नाही, सप्टेंबर ते नोव्हेंबर क्रॉस कंट्री, थंडीत बंदिस्त हॉलमधला ट्रॅक, मग उन्हाळा लागेपर्यंत बाहेरचा ट्रॅक, कोच बहुतेक वेळा तोच. पोरगा चार वर्षं त्याच्या हाताखाली. पहिल्या वर्षी कुठेच नसलेला पोरगा चौथ्या वर्षी पाचवा होतो, आणि ते दिसायला कोच चार वर्षं तिथे टिकायला लागतो ना.

हे मी आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकदा लिहायला गेलो होतो. २०२४ चा ऑगस्ट होता, राधानगरीच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ आणलेलं. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीला आणलेल्या ब्राँझनंतर महाराष्ट्राला मिळालेलं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, ७२ वर्षांनी. दोन दिवस फुलं, नमस्कार, ढोल. मग राज्याने एक कोटी जाहीर केले, आणि ग्रुप पेटला. एक बाजू म्हणते एक कोटी कमी आहेत, हरियाणा बघा किती देतं, दुसरी म्हणते देशासाठी खेळला की पैशासाठी, तिसरा कोणीतरी क्रिकेटला शिव्या घालतोय, चौथा शेतकऱ्यांवर गेला. दोनशे मेसेज. त्या दोनशेत त्याच्या कोच दीपाली देशपांडे यांचं नाव मी शोधलं. नव्हतं. बाई स्वतः २००४ ला अथेन्सला ऑलिंपिक खेळून आलेल्या, नंतर त्यांना द्रोणाचार्य पण मिळाला, पण कोटी-कोटीच्या भांडणात कोणाच्या डोक्यातच आलं नाही की हा पोरगा तयार कोणी केला आणि तो करताना त्या माणसाचं घर कसं चाललं. मी लिहिलं तर एकाने अंगठा टाकला, आणि पुढचा मेसेज गणपतीच्या वर्गणीचा.

बक्षिसाला माझा विरोध नाही, द्या, पाच कोटी द्या. पण पदक आल्यावर देणं सोपं असतं, फोटो निघतो. पदक यायच्या आधी वीस वर्षं कोणाला तरी दर महिन्याला पगार देणं, ज्याच्या हाताखालची शंभरातली नव्याण्णव पोरं कुठेच जाणार नाहीत हे माहीत असताना देणं, हे आपल्याला जमत नाही, आणि त्यावर कोणी भांडत पण नाही.

आमच्या कॉलेजचंच सांगतो. मी पण पळायचो, आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्रीला दोन वर्षं गेलो, दोन्ही वेळा टीममधला शेवटचा. आमचे सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे तास घेतला तर पैसे, आणि ग्राउंडवरचे सकाळचे दोन तास हे तासात धरतच नव्हते. एकच माणूस कबड्डी, खोखो, व्हॉलीबॉल, आम्ही, वर स्नेहसंमेलनाचा मांडव पण त्यांच्याकडे. त्यांच्या स्टॉपवॉचचं बटण अडकायचं, दोनदा दाबायला लागायचं, त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या टायमिंगमध्ये एक सेकंद जास्त आहे असं ते मनापासून समजावायचे. स्पर्धेला एसटीने जायचो, केळी आणि ग्लुकोज त्यांच्या खिशातून. कायमची जागा निघेल निघेल म्हणत दहा-बारा वर्षं काढली, मग विमा एजंट झाले. आता चांगलं चाललंय त्यांचं. शेवटचे भेटले तेव्हा मला पॉलिसी विकली आणि निघताना म्हणाले, तुझा डावा पाय अजून बाहेर पडतो रे. वीस वर्षांनी! असा डोळा असलेला माणूस आपण विमा विकायला बसवला.

शारीरिक शिक्षण संचालकांच्या जागा कॉलेजांत वर्षानुवर्षं रिकाम्या, भरल्या तर तासिकेवर नाहीतर मानधनावर, शाळेत पीटीचा तास गणिताच्या बाईंनी घेतलेला, आणि खेळाचं काय तर दहावीला सवलतीचे मार्क आणि नोकरीत पाच टक्के. त्या पाच टक्क्यांसाठी खोटी सर्टिफिकेटं निघाली हे तुम्ही पण वाचलं असेल. म्हणजे पळण्याची किंमत आहे, पण ती कागदावरच्या शिक्क्याची.

मग आपली चांगली पळणारी पोरं येतात कुठून? आर्मीतून. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटला लागला, सियाचिनला राहिला, २०१५ ला आर्मीच्या अंतर्गत क्रॉस कंट्रीत पळायला लागला, तिथे आर्मीच्या कोचने, अमरीश कुमारने, त्याला स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या ३००० मीटरकडे, वळवलं. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२०, गोल्ड हुकलं ०.०५ सेकंदाने. पॅरिस डायमंड लीगला ८:०९.९१. तो पुढे ट्रेनिंगला इथे कोलोराडोला पण आला, पण मूळ काम कुणी केलं? ज्या संस्थेकडे पगारी कोच होता, रोजचं जेवण होतं आणि पोरगा पळून जाणार नाही याची खात्री होती तिने. ते नेपरव्हिलच्या कॉलेजसारखंच आहे एका अर्थाने, फक्त युनिफॉर्म वेगळा.

आता तिकडच्यांना वाटेल हा अमेरिकेचं गुणगान गातोय. थांबा. ह्या कॉलेजची फी वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या वर आहे, सूट-बिट मिळते पण छापील आकडा तो. आणि अशा छोट्या कॉलेजांना टीम का परवडतात तर प्रत्येक पळणारा पोरगा हा फी भरणारा विद्यार्थी असतो. कोचला वर्षभर हायस्कूलच्या पोरांना फोन करत बसायला लागतं, या ना आमच्याकडे, म्हणजे तो अर्धा कोच आणि अर्धा अ‍ॅडमिशनचा सेल्समन. मला हे कळलं तेव्हा जरा वाईट वाटलं, मग वाटलं निदान पगार तरी त्याच कामाचा मिळतो. मोठ्या युनिव्हर्सिट्यांत तर वेगळीच तऱ्हा. २०२० ला ब्राउन युनिव्हर्सिटीने मुलांची ट्रॅक आणि क्रॉस कंट्री एका झटक्यात बंद केली, माजी विद्यार्थ्यांनी गोंधळ घातला म्हणून दोन आठवड्यांच्या आत परत चालू केली. जून २०२५ ला कोर्टात एक तडजोड मंजूर झाली, आता मोठी कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, प्रत्येक कॉलेज वर्षाला साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत, ते बहुतेक जाणार फुटबॉल-बास्केटबॉलवाल्यांना, आणि ज्यांनी ही योजना घेतली त्यांच्या क्रॉस कंट्री टीमला १७ पोरांची मर्यादा. १७! म्हणजे पहिल्या वर्षी कुठेच नसलेला आणि चौथ्या वर्षी पाचवा होणारा तो पोरगा आता त्या टीममध्ये शिरणारच नाही. इथले जुने कोच ह्याच्यावरच चिडलेत, आणि बरोबर चिडलेत. कॅरियससारखी पन्नास वर्षं काढणारा माणूस ह्यापुढे होईल का, मला नाही वाटत.

तर हे सगळं डोक्यात ठेवून बुधवारी भाच्याला फोन केला. सुरुवात ताईच्या बाजूने केली, कबूल केलं होतं ना. म्हटलं अरे जागा निघत नाहीत, मानधनावर किती वर्षं काढशील, अकॅडमीत बरे मिळतायत. तो म्हणाला, "मामा, अकॅडमीत मी पोरांना पळायला शिकवत नाही. पोलीस भरतीला १६०० मीटर, पाच मिनिटं दहा सेकंदात मारलं की २० पैकी २०. तेवढं बसवून द्यायचं. पाच-दहा झालं की पोरगा थांबतो, लागला तर परत आयुष्यात पळत नाही, नाही लागला तर वय संपेपर्यंत तेच १६०० मारत बसतो. त्यात एखादा दहा हजारचा असतो, मला पहिल्या आठवड्यात कळतं, पण त्याला सांगून करू काय? पाठवू कुठे?"

ह्यावर माझ्याकडे काही नव्हतं. मी मग विषय बदलावा म्हणून त्याला कॅरियसचं सांगितलं आणि ते पाच जणांच्या बेरजेचं. तो एकदम गप्प. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, मामा ते सहाव्या-सातव्याचं परत सांग.

शनिवारी त्याचा मेसेज आला, वहीच्या पानाचा फोटो. अकॅडमीतल्या ४२ पोरांच्या सहा टीम केल्या, सात-सातच्या, आणि गावामागच्या माळावर सहा किलोमीटर पळवलं. ज्या टीममध्ये सगळ्यात फास्ट पोरगा होता ती चौथी आली, आणि त्या टीमचा पाचवा म्हणे रडकुंडीला आला होता, बाकीचे चार जण त्याला पाणी घेऊन गेले. पोरं सोमवारी परत घ्या म्हणून मागे लागलीत. अकॅडमीच्या मालकांनी मात्र बोलावून घेतलं, की हे काय चालवलंय, भरतीत मार्क एकेकट्याला मिळतात, टीमला नाही, परत माळावर नेऊ नका, कुणाचा पाय मुरगळला तर फी परत मागायला बाप येतो. त्यांचंही चूक नाही, त्यांचा धंदा आहे.

पतियाळाचा फॉर्म त्याने भरलाय. ताईला मी अजून फोन केलेला नाही.