खांबाच्या घरी

आमच्या दिवाणखान्याच्या बरोबर मध्यावर एक खांब आहे. सोफा नीट ठेवला तर टीव्ही खांबाआड जातो, आणि टीव्ही दिसावा म्हणून सोफा सरकवत नेला तर तो स्वयंपाकघरात पोहोचतो.

घर पाहायला आलो तेव्हा हा खांब नव्हता, असं माझं ठाम मत आहे. नवरा म्हणतो, होता, पण आपण वर बघत होतो. तेही खरंच. जुन्या सूतगिरणीत काढलेली घरं ही. छत इतकं उंच की आत शिरलेला माणूस आ वासून वरच बघतो. खाली बघायची वेळ सह्या झाल्यावर येते.

हे खूळ नवऱ्याचं. न्यूयॉर्कच्या सोहो भागात रिकाम्या कारखान्यांत कलाकार चोरून राहायला लागले आणि शेवटी १९७१ साली शहराला त्यांना रीतसर परवानगी द्यावी लागली, ही कथा त्याने मला इतक्यांदा सांगितली आहे की ते कलाकार माझे चुलतदीर वाटायला लागलेत. पण त्यांच्या जागा मोकळ्या दिसायच्या त्याचं कारण साधं होतं : त्यांच्याकडे सामान नव्हतं. आमच्याकडे सासूबाईंचं तीन दारी कपाट आहे.

डिझायनरबाईंना मी पहिल्याच दिवशी विचारलं, "हा खांब काढता येईल ना?" आजोबांना घराबाहेर काढायची परवानगी मागितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खांब बिडाचा. वरचे तीन मजले त्याच्या डोक्यावर. शिवाय इमारत वारसा यादीत. मग शिकवणी सुरू झाली. पूर्वी गिरण्यांचे मजले लाकडी असत, हवेत तंतूंचा भुगा, उजेडाला पेटते दिवे. एक ठिणगी पडली की सगळं खलास. म्हणून १७९७ साली इंग्लंडात श्रूझबरीला जवसाच्या धाग्याच्या एका गिरणीसाठी लोखंडी सांगाडा उभारला, जगातला पहिला. "आजच्या गगनचुंबी इमारतींची ती पणजी," बाई म्हणाल्या.

"बरं, मग निदान टीव्ही तरी खांबावरच लावू या."

"बिडाला भोक? दाबाला बीड वाघ असतं हो, पण ताण पडला की तडकतं."

म्हणजे ज्याच्यावर तीन मजले उभे, त्याच्यावर कॅलेंडरही टांगायचं नाही.

सुताराची गोष्ट वेगळीच. त्याने ओळंबा सोडला, एक डोळा मिटला, आणि बराच वेळ दुसराही मिटून उभा राहिला. "ताई, भिंत पोट काढून बसलीय. कपाट सरळ करू की भिंतीसारखं?" सरळ केलं. आता कपाट मध्यावर भिंतीला टेकतं आणि वर चार बोटं फट राहते. त्या फटीत आजवर दोन रिमोट आणि एक पासपोर्ट गेला आहे.

लाकडी जमिनीने पॉलिश घेतलंच नाही. वर्षानुवर्षं यंत्रांनी तिला तेल पाजलेलं. त्यावर काही धरत नाही. तीन हात मारले तरी खिडकीजवळचा एक लांबट चौकोन अजून चिकट आहे. तिथे यंत्र उभं असणार. आता तिथे नवऱ्याची एक चप्पल उभी असते. तो पुढे निघून गेलेला असतो.

पण खरी मजा विटांची. "मूळ रूप" दिसावं म्हणून पंधरा दिवस भिंती खरवडून घेतल्या. घर विटकरी धुळीने माखलं, आम्हीही. सासूबाई आल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "गिलावा राहिला का गं? पैसे कमी पडले असतील तर सांगायचं." पुढे डिझायनरबाईंच्याच तोंडून निसटलं की गिरण्यांच्या भिंती आतून बहुधा चुन्याने पांढऱ्या रंगवलेल्या असत, उजेड परतावा म्हणून. म्हणजे आम्ही खरवडून फेकलं ते मूळ रूपच! गिरणीच्या मालकाने कामगारांना दिलेली पांढरी भिंत आम्ही मजुरी मोजून घालवली.

आवाजाचं तर विचारूच नका. वीट, काच, लोखंड. आवाज मुरायला कुठे जागाच नाही. चमचा पडला की पाळी सुटल्याचा भोंगा झाल्यासारखं वाटतं. भांडताना आपलंच वाक्य परत ऐकू येतं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना ते तितकंसं पटत नाही. जाड पडदे आणि गालिचे आल्यावर आमची भांडणं पूर्ववत झाली.

झोपायला उंचीचा फायदा घेऊन पोटमाळा काढला. घरातली सगळी गरम हवा रात्री तिथेच मुक्कामाला येते. थंडीत खाली मोजे घालून बसायचं आणि वर पंखा लावून झोपायचं.

शेवटी काम संपलं. सोफा खांबाला पाठ लावून ठेवला आणि टीव्ही समोरच्या भिंतीपाशी एका टेबलावर. डिझायनरबाई आपल्या संग्रहासाठी फोटो काढायला आल्या. "सोफा जरा बाहेर घेता?" घेतला. "टीव्ही?" तोही. कपाटावर चादर टाकली. चप्पल सोडवली. मग त्यांनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि संकोचत म्हणाल्या, "तुम्ही दोघंही जरा…"

आम्ही जिन्यात जाऊन उभे राहिलो. खांबाचा फोटो फार सुरेख आला आहे.