कोड, तात्या आणि सडा

कोकणात नवं काही करायचं तर आधी ग्रामदेवतेला कौल लावतात. ऑफिसच्या सॉफ्टवेअरला ही रीत ठाऊक नाही. रात्री आपण शटर ओढून घरी जातो; सकाळी बघावं तर 'पाठवा'चं बटण भलत्याच कोपऱ्यात, फोल्डर गायब आणि मधोमध एक हसरी चौकट: 'काय नवीन आहे ते पाहा!' 'नको' म्हणायची सोय नाही. 'नंतर' म्हणता येतं. म्हणजे उद्या पुन्हा तीच चौकट.

यांची नावंसुद्धा टिकत नाहीत. गूगल अ‍ॅप्सचं 2016 मध्ये जी सूट झालं, 2020 मध्ये गूगल वर्कस्पेस. त्याच वर्षी छोट्या धंद्यांसाठीच्या ऑफिस 365 चं मायक्रोसॉफ्ट 365 झालं. आमचं यातलं की तिसऱ्याच कुळातलं, ते सांगत नाही. भाडेकरूने घरमालकाबद्दल जपून बोलावं.

आमचा धंदा देवगड हापूसच्या पेट्या घरपोच पाठवण्याचा. ऐन एप्रिलात, टेम्पो दारात उभा असताना, अपडेट आलं आणि नुसत्या पासवर्डवर मेल उघडेना. सहा आकडी कोडही हवा. खातं मालकांच्या, म्हणजे तात्यांच्या नावावर, त्यामुळे कोडचं अ‍ॅप त्यांच्या मोबाइलवर. तात्या बागेत. अ‍ॅपला रेंज लागत नाही, पण तात्यांचा आवाज माझ्यापर्यंत पोचायला लागते, आणि रेंज फक्त वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या मोकळ्या कातळावर. कोडचं आयुष्य तीस सेकंद.

तात्या घाटी चढून सड्यावर आले. धापा टाकत म्हणाले, "हां, बोल. खयचो कोड?"

"अ‍ॅपमध्ये बघा, तात्या."

"मेल्या, फोन कानाक लावू की डोळ्याक?"

स्पीकर कसा लावायचा ते सांगितलं. मग सड्यावरचा वारा स्पीकरवर बोलू लागला. "चार... सात... शून्य..." इथवर येऊन तात्यांनी चष्मा पुसला. "आकडे बदालले मरे!" बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. शेवटी बागेतल्या गड्याने कोड ओरडून सांगितला, आणि आमची ती कडेकोट सुरक्षा पलीकडच्या वाडीनेही ऐकली.

मेल उघडली. पहिलंच पत्र दादरच्या गिऱ्हाइकाचं: पेटीतले सहा आंबे साक्याचे, म्हणजे आतून खराब, निघाले. त्याखाली सॉफ्टवेअरने, याही अपडेटची कृपा, तयार उत्तर सुचवलं होतं: 'वा, ऐकून आनंद झाला!' तात्या समोर नव्हते म्हणून बरं. त्यांनी हिरवं बटण बघून दाबलंच असतं.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या मुलाने दिलासा दिला. म्हणे अशा काही सेवांमध्ये अ‍ॅडमिनला नवे बदल जरा उशिराने घेण्याचा पर्याय असतो, आधी दुसऱ्यांचं काय होतं ते बघावं. हे मला एकदम पटलं. पण आमचं अ‍ॅडमिन खातं उघडलं होतं तात्यांच्या भाच्याने, आणि तो असतो ठाण्यात. फोन केला तर म्हणाला, "गणपतीला येतोय ना, तेव्हा बघू."

गणपतीला आला. आरती झाली, मोदक झाले, मग लॅपटॉप उघडून त्याने विचारलं, "मामा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मी कागदावर लिहून दिला होता, तो कुठाय?"

तात्यांनी पानाला चुना लावला. "तो कागद? तो मिया आंब्याखाली पेटीत घातलंय. वाशीक गेलो."