‘सिम्युलेटर म्हणजे व्हिडिओ गेम’ म्हणणाऱ्यांना

परवा भाच्याने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. ‘सिम्युलेटर म्हणजे व्हिडिओ गेम. खरा ऑपरेटर प्लांटवर चुकत चुकतच घडतो. जुन्या माणसाला आवाजावरून, वासावरून सगळं कळतं. आज कॉम्प्युटर सल्ले देणार, उद्या तुमची नोकरी खाणार.’ भाचा रसायनीकडच्या एका केमिकल प्लांटमध्ये ट्रेनी आहे. लवकरच त्याला पॅनेलवर, म्हणजे कंट्रोल रूममधून प्लांट चालवायला, बसवणार आहेत, आणि सिम्युलेटरची, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली प्लांटवर सराव करायची, बॅच बुडवायची असं त्याने ठरवूनही टाकलंय. मी 26 वर्षं शिफ्ट केली. मला गप्प बसवत नाही.

‘चुकत चुकत’ म्हणे! चुकायचं कुठे? तापलेल्या कॉलमवर, म्हणजे द्रव उकळून वेगळे करणाऱ्या उंच टॉवरवर? चालू प्लांट तुम्हाला रोजचंच शिकवतो. स्टार्टअप, म्हणजे बंद प्लांट पुन्हा सुरू करणं, कधीतरी येतो, तोही तुमच्याच शिफ्टला येईल असं नाही.

23 मार्च 2005, अमेरिकेतलं टेक्सास सिटी, बीपी या तेल कंपनीची रिफायनरी. स्टार्टअप चालू होता. 170 फुटी कॉलममध्ये तीन तासांहून जास्त वेळ माल भरला जात होता आणि खालून थेंबही बाहेर काढला जात नव्हता. लेव्हल दाखवणारं उपकरण तळाच्या 9 फुटांपुरतंच, आणि लेव्हल उतरतेय असं ते दाखवत होतं. कॉलम वरून वाहिला, स्फोट झाला. 15 माणसं गेली, 180 जखमी झाली. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाचा 2007 चा अहवाल स्वच्छ सांगतो: ट्रेनिंग विभागातली माणसं 28 वरून 8 वर आणली होती, आणि स्टार्टअपसारख्या क्वचित येणाऱ्या धोक्याच्या कामांचा सराव करायला ऑपरेटरांना सिम्युलेटर नव्हता.

सल्ले देणाऱ्या कॉम्प्युटरचं उत्तरही तिथेच आहे. आत किती आलं आणि बाहेर किती गेलं, हे आकडे तिथे वेगवेगळ्या स्क्रीनवर होते. वजाबाकी कुणी केली नाही. प्लांटच्या जोडीने चालणारं मॉडेल ती सतत करतं आणि अर्ध्या तासाने लेव्हल कुठे असेल ते आधीच दाखवतं. व्हॉल्व्ह उघडायचा की नाही, ते तरीही पॅनेलवरच्या माणसानेच ठरवायचं.

वासाचं म्हणाल, तर कंट्रोल रूमचं दार बंद असतं. माझ्या पहिल्या मोठ्या ट्रिपला, म्हणजे प्लांट अचानक आपोआप बंद पडला तेव्हा, रात्री अडीचला अलार्मची यादी स्क्रीनवर सरसर सरकत होती आणि मी न वाचता, ‘पाहिला’ म्हणत एकेक अ‍ॅक्नॉलेज करत सुटलो होतो. शिफ्ट इन्चार्जने माझा हात धरून माउसवरून बाजूला केला. काय करायचं ते मला तोंडपाठ होतं. हाताला सवय नव्हती.

नोकरीचं मात्र अगदीच खोटं नाही. सिम्युलेटर दाखवून माणसं कमी करू बघणारं मॅनेजमेंट असतं, तिथे युनियनने भांडायलाच हवं. आणि सिम्युलेटर भरलेलंच शिकवतो हेही खरं. 1979 मध्ये थ्री माइल आयलंड या अमेरिकेतल्या अणुवीज केंद्रात अपघाताच्या वेळी ऑपरेटरांसमोर जे घडलं, ते त्यांच्या सरावाच्या सिम्युलेटरमध्ये भरलेलंच नव्हतं. म्हणून तो आपल्याच प्लांटचा हवा आणि प्लांट बदलला की तोही बदलायला हवा.

भाच्याला रविवारी घरी बोलावलंय. कागदावर 170 फुटांचा कॉलम काढून ठेवलाय, 9 फुटांवर रेघ मारून, खालची लाइन बंद दाखवून. तीन तासांनी लेव्हल कुठे असेल, ते त्याने मला सांगायचं.